झेलमची लढाई जंगलात?

वर एकांनी म्हटलंय की ऑलिव्हर स्टोनच्या 'अलेक्झांडर'मधली (2004) पोरसाबरोबरची लढाई जंगलात दाखवली, म्हणजे सगळा सिनेमाच भंपक. जंगलाचं मान्य. खरी लढाई, इ.स.पू. 326 ची, झेलमच्या काठी मोकळ्या जागेत झाली. भर पावसात रात्री नदी ओलांडणं हाच अलेक्झांडरचा खरा डाव होता आणि नेमका तोच सिनेमात नाही. (मला तरी तेच बघायचं होतं!)

पण पुढचं बघा. सिनेमात त्याच लढाईत अलेक्झांडरला बाण लागतो आणि पडदाभर झाडं, आभाळ सगळं लालगुलाबी होऊन जातं. तो बाण प्रत्यक्षात नंतर, मल्ल नावाच्या टोळीच्या गढीवर लागला होता. शिडीवरून तो जवळजवळ एकटाच आत उतरला होता. दिग्दर्शकाने दोन प्रसंगांची मोट बांधली, कारण त्याला रणनीती सांगायचीच नव्हती, या माणसाचा हट्ट कुठे येऊन थांबतो ते दाखवायचं होतं. ही सूट मी देईन.

आणि मूळ साधनं तरी कुठे धुतल्या तांदळासारखी आहेत? एरियन या ग्रीक इतिहासकाराने लिहिलं ते चारेकशे वर्षांनी, अलेक्झांडरचा सेनापती टॉलेमी याच्या आता हरवलेल्या ग्रंथावर भिस्त ठेवून. सिनेमात तोच म्हातारा टॉलेमी शेवटी 'आम्हीच त्याला मारलं' असं बोलून जातो आणि लगेच लेखनिकाला ते काढून टाकायला सांगतो. माझ्या मते अख्ख्या सिनेमात इतिहासाशी सगळ्यात प्रामाणिक प्रसंग हाच, आणि तो साफ काल्पनिक आहे.