शब्दचर्चा: ‘स्कॅनर बनवून दे’ – एआय एजंटच्या क्यूआर टूलचं मराठी वर्णन

धागाकर्ती:
क्यूआर कोड तयार करणारं एक छोटं टूल एआय एजंटांना (म्हणजे सांगितलेलं काम टूल वापरून स्वतः करणाऱ्या एआयला) जोडायचं काम सध्या हातात आहे. अँथ्रोपिक या एआय कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी ही एआयला बाहेरची टूल जोडायची पद्धत खुली केली. तिच्यात प्रत्येक टूलला एक नाव असतं, सोबत साध्या भाषेतलं वर्णन आणि टूलला कोणती माहिती द्यायची त्याचा आराखडा. समोरच्याची मागणी आणि हे वर्णन जुळवून बघूनच मॉडेल ठरवतं की टूल वापरायचं की नाही, त्यामुळे शब्द मोघम पडला तर भलतंच टूल चालू शकतं. मागणी मराठीत येणार आहे, तेव्हा वर्णनही मराठीतच हवं.

माझ्यापुढे आलेला मसुदा ‘त्वरित प्रतिसाद संकेत जनित्र’ असा आहे. जनित्र म्हटलं की मला वीजच आठवते. लोक खरोखर काय म्हणतात ते सांगा. ‘एजंट’ला काय म्हणावं, तेही.

छापखान्यातून:
ताई, आमच्या काउंटरवर ‘क्यूआर कोड’ म्हणणारे आहेत, पण ‘स्कॅनर’ म्हणणारेही भरपूर आहेत. ‘मंडळाचा वर्गणीचा स्कॅनर पावतीवर टाका’, ‘पत्रिकेवर कार्यालयाच्या लोकेशनचा स्कॅनर पाहिजे’, ‘स्कॅनर जरा मोठा करा’. भाजीच्या गाडीवरसुद्धा ‘दादा, स्कॅनर कुठंय?’ असंच विचारतात. शब्दाच्या मूळ अर्थाप्रमाणे स्कॅनर म्हणजे वाचणारं यंत्र, पण बोलण्यात तो छापलेल्या चौकोनाला चिकटलाय आणि आता सुटणार नाही. एखाद्याने ‘दुकानासाठी स्कॅनर बनवून दे’ म्हटलं आणि एजंटने त्याला कागदपत्रं स्कॅन करायचं ॲप सुचवलं, तर तो परत येणार नाही. वर्णनात ‘स्कॅनर’ हवाच.

भाषांतरकार:
सहमत. नाव ‘क्यूआर कोड’ ठेवा आणि ‘लोक यालाच स्कॅनर म्हणतात’ असं वर्णनात स्पष्ट लिहा. क्यूआर कोड हे जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीचं १९९४ पासूनचं नाव आहे. त्याचा अक्षरशः अनुवाद केला तर कोणालाच ओळखू येणार नाही.

मला जास्त काळजी क्रियापदाची वाटते. आपण झेरॉक्स काढतो, सातबारा काढतो, फोटो काढतो, त्याच चालीवर ‘क्यूआर काढून दे’ ही मागणी येणार. पण ‘पोस्टरवरचा क्यूआर काढ’ म्हणजे तो पुसून टाक! आणि ‘या क्यूआरमधली लिंक काढून दे’ म्हणजे कोड वाचून आतला मजकूर दे. एकाच ‘काढणे’त तयार करणं, हटवणं आणि वाचणं अशी तीन कामं आली, आणि तुमचं टूल त्यांतलं एकच करतं. तेव्हा तुम्ही लिहिताना ‘तयार करणे’ वापरा आणि ‘असलेला कोड वाचणे किंवा पुसणे हे या टूलचं काम नाही’ हे वाक्य जोडाच. टूल कशासाठी नाही हे सांगितलं की निवड सोपी होते.

प्रोग्रॅमर:
एजंटला हे टूल लागतंच का, तेही नोंदवतो, कारण शब्द त्यावरून ठरतील. चित्रं बनवणाऱ्या मॉडेलला क्यूआर मागितला तर क्यूआरसारखी दिसणारी नक्षी मिळते, ती बहुधा वाचलीच जात नाही. खऱ्या कोडमधलं प्रत्येक काळं-पांढरं घर हिशेबाने आलेलं असतं. म्हणून ‘चित्र बनवतं’ असं लिहू नका. ‘दिलेल्या मजकुराचा क्यूआर कोड तयार करून त्याची फाइल देतं’ असं लिहा.

मॉड्यूलला, म्हणजे कोडमधल्या एका छोट्या चौकोनाला, मी ‘घर’ म्हणतो. सगळ्यात लहान कोड २१ × २१ घरांचा, सगळ्यात मोठा १७७ × १७७ चा. भोवती चार घरं पांढरी सोडावी लागतात. त्याला ‘शांत क्षेत्र’ म्हणू नका, आपला ‘समास’ आहे की! वहीत समास सोडलेल्या प्रत्येकाला तो कळतो.

आता देवनागरीचं. ‘नमस्कार’ दिसायला चार अक्षरं, पण युनिकोड या संगणकाच्या लिपी-संकेतात ती सात चिन्हं आणि ती साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे २१ बाइट. मध्यम दुरुस्ती पातळीवर (कोडचा थोडा भाग खराब झाला तरी तो वाचता यावा म्हणून ठेवलेली सोय) सगळ्यात लहान कोडमध्ये १४ बाइटच मावतात, त्यामुळे २५ × २५ चा कोड घ्यावा लागतो. तोच शब्द रोमन मोठ्या अक्षरांत लहान कोडमध्ये आरामात बसतो. एका कोडची कमाल मर्यादा २९५३ बाइट, म्हणजे देवनागरीची साधारण ९८४ चिन्हं. आराखड्यात मर्यादा ‘अक्षरां’त लिहिली तर एजंट चुकीचा हिशेब करील. तिथे ‘बाइट’च ठेवा.

छापखान्यातून:
‘दुरुस्ती पातळी’ हा शब्द बरा आहे. कोडचा साधारण सात, पंधरा, पंचवीस किंवा तीस टक्के भाग खराब झाला तरी चालेल अशा चार पातळ्या. मध्ये लोगो टाकायचा असेल तर तीसची घ्या, पण कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांना हात लावू नका. आम्ही त्यांना ‘डोळे’ म्हणतो. आणि समास कापून फ्लेक्सवर कोड कडेला चिकटवायचा हट्ट गिऱ्हाइकाने धरला तरी ऐकू नका.

भाषांतरकार:
‘डायनॅमिक’ शब्दाला मात्र जपा. पेमेंटच्या धंद्यात डायनॅमिक क्यूआर म्हणजे त्या-त्या बिलाची रक्कम आत असलेला कोड. जाहिरातवाले तोच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात: छापून झाल्यावरही मागची लिंक बदलता येते असा कोड. नुसतं ‘डायनॅमिक’ लिहू नका. ‘रक्कम भरलेला’ आणि ‘लिंक नंतर बदलता येणारा’ असे दोन वेगळे पर्याय द्या.

‘एजंट’ला ‘अभिकर्ता’ आहे, पण तो कायद्याच्या पुस्तकात शोभतो. ‘हस्तक’ नको, त्याला कटकारस्थानाचा वास आहे. अर्थाने सर्वांत जवळचा मला ‘मुखत्यार’ वाटतो, कारण मुखत्यारपत्रात दिलेत तेवढेच अधिकार आणि केलेल्या कामाची बांधिलकी मालकावर. एजंटला काय करू द्यायचं हा विचार त्या शब्दात आधीच आहे. तरी वर्णनात ‘एजंट’च असू द्या. आरटीओपासून विम्यापर्यंत तो सगळ्यांच्या तोंडी आहे.

धागाकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. आता असं लिहिलंय:

‘दिलेल्या लिंकचा, मजकुराचा किंवा यूपीआय आयडीचा क्यूआर कोड तयार करून फाइल देतं. बोलताना लोक यालाच स्कॅनर म्हणतात. असलेला कोड वाचणे किंवा पुसणे हे या टूलचं काम नाही. मजकूर २९५३ बाइटांपर्यंत. दुरुस्ती पातळी वाढवली की मर्यादा कमी होते. भोवती चार घरांचा समास सोडला जातो.’

प्रोग्रॅमर:
छान. एकच भर: ‘पैशांचा कोड असेल तर यूपीआय आयडी आणि नाव वापरणाऱ्याला दाखवून होकार घ्यावा, आयडी अंदाजाने भरू नये.’ आयडीतलं एक अक्षर इकडचं तिकडे झालं तरी कोड व्यवस्थित स्कॅन होतो, फक्त वर्गणी दुसऱ्याच्या खात्यात जाऊ शकते.