बी-१२च्या आधी थायमिनचा विचार व्हावा

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर हातापायांना येणाऱ्या मुंग्यांमागे बी-१२ या जीवनसत्त्वाची कमतरता असू शकते, असे म्हटले जाते आणि तो मुद्दा मान्य आहे. परंतु यकृतातील बी-१२चा साठा एरवी काही वर्षे पुरतो (आपल्याकडील शाकाहारी रुग्णांत तो मुळातच तोकडा असतो, ही गोष्ट वेगळी), त्यामुळे या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उद्भवणाऱ्या तक्रारींचे खापर केवळ त्याच्यावर फोडणे धोक्याचे आहे. या काळात खरी भीती थायमिनची, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची असते, कारण त्याचा साठा जेमतेम २-३ आठवडे पुरतो आणि उलट्या थांबत नसतील तर गोळी पोटात टिकतच नाही.

माझ्या मावशीला स्लीव्ह शस्त्रक्रियेनंतर (यात वजन घटवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून टाकतात) असेच झाले. उलट्या चालू असतानाच तिला भिंतीवरच्या घड्याळाचे काटे दुहेरी दिसू लागले आणि चालताना तोल जाऊ लागला. सर्वांनी तो अशक्तपणा समजून ग्लुकोजचे सलाईन लावून घेतले. थायमिन कमी असताना नुसते ग्लुकोज दिल्यास उरलेसुरले थायमिनही त्याच्या चयापचयात खर्ची पडते आणि वेर्निके एन्सेफॅलोपॅथी हा मेंदूचा विकार बळावू शकतो. म्हणूनच अशा रुग्णाला, रक्ततपासणीच्या अहवालाची वाट न पाहता, ग्लुकोजच्या आधी किंवा निदान त्यासोबत शिरेतून थायमिन देतात. मेंदूविकारतज्ज्ञांनी ते सुरू केल्यावर मावशीची नजर लवकर सुधारली, चाल सावरायला मात्र बरेच महिने गेले.