जिनो मार्चेटीच्या सॅकचा आकडाच नाही, मग कारकीर्द जोखायची कशी?

कोथरूडकर:
अमेरिकन फुटबॉलमधल्या बॉल्टिमोर कोल्ट्स संघाचा डिफेन्सिव्ह एंड (बचावफळीच्या टोकाचा खेळाडू) जिनो मार्चेटी सर्वकालीन थोरांत धरला जातो, पण अधिकृत नोंदींत त्याच्या नावावर एकही सॅक (क्वार्टरबॅकला, म्हणजे पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूला, पास फेकण्याआधीच पाडणं) सापडत नाही. असं का? १९५८ च्या अंतिम सामन्यातल्या त्याच्या पकडीबद्दलही सविस्तर सांगा. इथे बरेच कबड्डीवाले आहेत, त्या भाषेत सांगितलंत तरी चालेल.

डावा कोपरा:
एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) सॅक अधिकृतपणे मोजते ती १९८२ पासून. संशोधकांनी जुनी कागदपत्रं चाळून १९६० पर्यंतचे आकडे लावले आहेत, पण मार्चेटी १९५२ पासून खेळत होता. म्हणजे त्याची ऐन उमेदीची वर्षं त्यातही नाहीत. शिवाय १९६० पर्यंत हंगाम १२ सामन्यांचाच असायचा. तेव्हा आकडा शोधू नका, निवडी बघा: ११ प्रो बोल (हंगामातल्या निवडक खेळाडूंचा सामना), १९७२ मध्ये हॉल ऑफ फेम, १९९४ मध्ये लीगचा ७५ वर्षांचा संघ आणि २०१९ मध्ये शंभर वर्षांचा संघ. तीन वेगळ्या पिढ्यांनी निवडलेला खेळाडू आहे हा.

पर्वती पायथा:
ती पकड. २८ डिसेंबर १९५८, यांकी स्टेडियम. प्रतिस्पर्धी न्यूयॉर्क जायंट्स १७-१४ ने पुढे, दोन-अडीच मिनिटं उरलेली, तिसरा डाउन (१० यार्ड पुढे जायच्या चार प्रयत्नांपैकी तिसरा) आणि अजून ४ यार्ड हवे होते. ते मिळाले असते तर जायंट्सनी वेळ काढून सामना संपवला असता. जायंट्सचा फ्रँक गिफर्ड उजवीकडून चेंडू घेऊन धावला. मार्चेटी डावा एंड, म्हणजे समोरासमोर उभं राहिल्यावर नेमका त्याच बाजूला. त्याने गिफर्डला थोडक्यात अडवलं. तेवढ्यात कोल्ट्सचाच बिग डॅडी लिप्सकोंब वर पडला आणि मार्चेटीचा घोटा मोडला. जायंट्सना पंट करावा लागला, म्हणजे चेंडू लाथेने दूर मारून कोल्ट्सना द्यावा लागला. मग कोल्ट्सचा क्वार्टरबॅक युनिटास याने संघ पुढे नेला, ७ सेकंद असताना मायराच्या फील्ड गोलने (चेंडू लाथेने गोलखांबांमधून, ३ गुण) १७-१७, आणि जादा वेळेत अमीचीच्या टचडाउनने (चेंडू गोलरेषेपार नेणं, ६ गुण) २३-१७. गिफर्ड पुढे कायम म्हणत राहिला की यार्ड पुरे झाले होते.

डावा कोपरा:
जुनी फिल्म बघताना नियम आधी लक्षात घ्या, नाहीतर निष्कर्ष चुकतो. १९७८ पर्यंत ब्लॉकरला (क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्याला) हात लांबवता येत नसत, ते छातीशीच ठेवावे लागत. त्यामुळे तो खांद्याने रेटायचा आणि वजन पुढे झुकायचं. मार्चेटी ब्लॉकरला हातांनी धरून बाजूला फेकायचा आणि चपळ पावलांनी क्वार्टरबॅक गाठायचा. सुमारे ११० किलोंचा माणूस, पण नुसती धडक नाही. कबड्डीत चढाईपटूचा तोल गेला की कोपरारक्षक त्याच क्षणी पकड घालतो, तोच हिशोब. चेंडूऐवजी ब्लॉकरचे खांदे आणि मार्चेटीचे हात बघा. पहिल्या दीड सेकंदातच कळतं.

पर्वती पायथा:
एक राहिलं. घोटा मोडूनही पुढच्याच हंगामात तो परतला, आणि १९५९ च्या अंतिम सामन्यात कोल्ट्सनी जायंट्सना ३१-१६ ने पुन्हा हरवलं.