सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत: मशीन घ्यावं की जुने हौद चालू करावेत? (पुणे)

प्रश्न: सचिव_सिंहगडरोड

नमस्कार मंडळी. आमची 72 फ्लॅटची सोसायटी आहे आणि यंदा सचिवपद माझ्याकडे आलंय. मागच्या भिंतीलगत बिल्डरने बांधलेले गांडूळखताचे दोन हौद आहेत, पण आज त्यांत राडारोडा आणि जुन्या फरशा भरल्यात. एका कंपनीचा माणूस येऊन "24 तासांत खत" देणारं मशीन दाखवून गेला. किंमत काही लाखांत. सभासदांना वासाची आणि उंदरांची भीती वाटते. मिळकतकरात सवलत मिळते असं ऐकलंय, ती किती? शिवाय काहींचं म्हणणं असं की एकदा खत इथेच व्हायला लागलं की कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना बंद करू, तेवढेच पैसे वाचतील. अनुभवी लोकांनी सांगावं.

उत्तर: जोशी_सहकारनगर

सौर ऊर्जा, पावसाच्या पाण्याचं संकलन आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर 5 टक्के, दोन किंवा जास्त असतील तर 10 टक्के. पण प्रकल्प चालू हवा. पाहणीत बंद दिसला की सवलत जाते. आधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन अर्ज आणि कागदपत्रं विचारून घ्या.

उत्तर: अनघा, कोथरूड

सचिवसाहेब, मशीन घेऊ नका. आमच्या सोसायटीचे हौद बरीच वर्षं मी बघते, म्हणून ठामपणे सांगते.

24 तासांत कचरा तापवून सुकवता येतो, पण खत होत नाही. त्या भुकटीला पाणी लागू द्या, दुसऱ्या दिवशी वास येतो की नाही बघा. आमच्या शेजारच्या इमारतीत असंच एक मशीन आहे. विजेचं बिल वाढलं, पुढे पातं तुटलं, आता त्यावर कुंड्या ठेवल्यात. खत करतात जीवाणू. त्यांना हवा, ओल आणि पालापाचोळा मिळाला की दीड-दोन महिन्यांत ते काम करतात, वीज लागत नाही.

हौद रिकामे करून घ्या. विटांच्या भिंतीत हवेसाठी भोकं ठेवा, तळाला पाझर निघायला पाइप द्या. सर्वांत खाली काटक्या आणि नारळाच्या शेंड्या. त्यावर जेवढा ओला कचरा, साधारण तेवढाच सुका पाला. सुरुवातीला शेणाचं पाणी शिंपडा. तीन-चार दिवसांनी वरखाली करा. आतला थोडा ऐवज मुठीत दाबून बघायचा: एखाददुसरा थेंब आला तर ओल बरोबर, धार लागली तर पाला वाढवा, नुसता भुगा पडला तर पाणी मारा. लोखंडी सळई मधोमध खुपसून ठेवा. काढल्यावर चांगली गरम लागली की समजा काम चाललंय. कुजका वास येतो तो हवा कमी आणि पाणी जास्त झालं म्हणून, त्यावर अत्तर मारणारी औषधं विकत घेऊ नका. आंब्याच्या कोयी आणि करवंट्या हौदात टाकू नका, वर्षभर तशाच राहतात.

72 घरांचा ओला कचरा रोज पस्तीस-चाळीस किलो धरा. दोन हौद आलटून पालटून भरून हे जमेल की नाही ते हौदांच्या मापावर आहे, कदाचित तिसरा बांधावा लागेल. तोही मशीनपेक्षा स्वस्तच पडेल. मात्र रोज तासभर देणारा एक माणूस पगारी हवा. "सभासद आळीपाळीने करतील" हे दोन आठवडे चालतं.

आता त्या ताईंबद्दल. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. पुण्यात कचरावेचकांची संघटना 1993 पासून आहे आणि 2008 पासून 'स्वच्छ' ही त्यांचीच सहकारी संस्था महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. तुमचा ओला कचरा आवारात जिरला तरी कागद, काच, प्लॅस्टिक, पुठ्ठा राहतोच. ते भंगार विकून त्यांचं घर चालतं, आणि तेवढा माल डेपोवर जाण्यापासून वाचतो. शहराने पर्यावरणाची कितीही धोरणं आखली तरी वर्गीकरण हेच हात करतात. त्यांना काढून पैसे वाचवायचा विषय सभेत आला तर तुम्ही सचिव म्हणून उभं राहून विरोध करा. उलट हौदाचं काम त्यांनाच विचारा आणि त्याचे वेगळे पैसे द्या. आमच्याकडे असंच आहे. सॅनिटरी पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका काढायची सवय प्रत्येक घराला लावा. दुसऱ्याच्या घरातलं रक्त कुणाच्या उघड्या हाताला लागता कामा नये.

आणि सभेत फुरसुंगी-उरुळी देवाची या कचरा डेपोच्या गावांचं नाव घ्या. आपला मिसळलेला कचरा वर्षानुवर्षं तिथे पडला, विहिरींचं पाणी नासलं, गावकऱ्यांना पुन्हा पुन्हा गाड्या अडवाव्या लागल्या. वासाची तक्रार करणाऱ्यांनी तो वास कुणी सोसला हेही ऐकावं.

सचिव_सिंहगडरोड

अनघाताई, मनापासून आभार. पावसाळ्यात काय करता? आणि उंदीर?

अनघा, कोथरूड

हौदावर पत्र्याचं छप्पर, भोकांना आणि वर बारीक जाळी. उंदीर येतात ते शिळ्या पोळी-भातासाठी, म्हणून शिजलेलं अन्न मधोमध पुरायचं आणि वरून पाल्याचा जाड थर द्यायचा. अळ्या दिसल्या तर घाबरू नका, त्या कचराच खातात. पाला वाढवला की कमी होतात.

पावसाळ्याची तयारी फेब्रुवारी-मार्चमध्ये करायची. पानगळ तेव्हा होते. आवारातला पाला झाडून गोण्यांत भरा आणि कोरड्या जागी रचून ठेवा. माळीदादांना आजच सांगा, पाला पेटवायचा नाही. जून ते सप्टेंबर त्याच गोण्यांवर चालतं, आणि कमी पडल्या तर शेजारच्या सोसायटीतून मागून आणा, लोक आनंदाने देतात. हौद रिकामे झाले की इथे फोटो टाका, भोकं किती उंचीवर हवीत ते सांगते.