रिगमरोल म्हणजे चऱ्हाट, सोपस्कार की ससेमिरा?

मुलाचा परवा मेसेज आला, "आई, बँकेचा सगळा रिगमरोल संपला एकदाचा!" केवायसीसाठी त्याला तिसऱ्यांदा बोलावलं होतं, ते ठाऊक होतं. पण शाळेत आमच्या बाईंनी या इंग्रजी शब्दाचा अर्थ 'असंबद्ध बडबड' असा सांगितलेला. बँकेत कोण कशाला बडबडेल? कोशात पाहिलं तर दोन्ही अर्थ आहेत. हे एकाच शब्दाचे कसे? आणि मराठीत काय म्हणायचं?

—

बाईंचा अर्थ जुना, मुलाचा नवा. पण शब्द जन्मला तो मात्र कागदपत्रांच्याच भानगडीत.

१२९६ साली इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंडवर चढाई केली आणि तिथल्या सरदार-जमीनदारांना, धर्मगुरूंना आपल्याशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायला लावली. बेरिक या सीमेवरच्या गावात ही शपथपत्रं गोळा झाली, मेणाच्या मोहरांसकट. मग ती लांबच लांब चर्मपत्रांच्या गुंडाळ्यांवर उतरवून घेतली गेली. नावं सुमारे २०००. म्हणजे अख्ख्या मुलखाची केवायसीच की! या गुंडाळ्यांना 'रॅगमन रोल' म्हणतात.

त्याच नावाचा एक बैठा खेळही त्या काळी होता. गुंडाळीवर पद्यं लिहिलेली, प्रत्येक पद्याला एक दोरी. आपण एक दोरी ओढायची. जे पद्य हाती येईल ते आपलं 'भविष्य'. एकाला स्तुती, शेजारच्याला टवाळी. आता ही पद्यं ओळीने वाचत गेलं तर कशाचा कशाला पत्ता लागणार? तिथून 'बिनबुडाची लांबण' हा अर्थ आला. उच्चार झिजत झिजत अठराव्या शतकात 'रिगमरोल' झाला. कटकटीची प्रक्रिया हा अर्थ विसाव्या शतकातला.

—

मराठीत सरळ 'चऱ्हाट' म्हणा ना. काय चऱ्हाट लावलंय, म्हणतोच आपण.

—

चऱ्हाट जवळचं आहे, पण पुरतं नाही. चऱ्हाट म्हणजे दोर. तो लांबतो, तरी पीळ सुटत नाही. रिगमरोलमध्ये पीळच नसतो. गुऱ्हाळाचंही तसंच, बैल फिरतो तो एकाच घाण्याभोवती. बडबडीसाठी मी 'अघळपघळ' किंवा 'बरळणं' घेईन. बँकेसाठी 'सोपस्कार' अचूक, फक्त त्यात वैताग येत नाही. वैताग हवा तर 'लचांड'.

आणि खरं सांगू? अर्थाचा हाच प्रवास केलेला शब्द आपल्याकडे आहे: ससेमिरा. सिंहासनबत्तिशीत गोष्ट आहे. वाघाच्या भीतीने राजपुत्र झाडावर चढतो. वर अस्वल असतं. ते त्याला आसरा देतं. हा पठ्ठ्या झोपलेल्या अस्वलालाच खाली ढकलू पाहतो. शापाने वेड लागतं आणि तोंडात एकच, "ससेमिरा, ससेमिरा". ही निघतात चार श्लोकांची आद्याक्षरं. पहिला श्लोक 'सद्भावप्रतिपन्नानां…' ऐकवला की तो 'सेमिरा' म्हणू लागतो, दुसऱ्यानंतर 'मिरा', मग नुसता 'रा', आणि चौथ्याला शुद्धीवर. मुळात ही निरर्थक बडबडच. आज मात्र चौकशीचा ससेमिरा लागतो, वसुलीचा लागतो. बडबड गेली, पाठ न सोडणं तेवढं उरलं.

—

वा! ससेमिरा मूळचा बडबडीचा, हे ठाऊकच नव्हतं. मुलाला लगेच कळवलं, 'ससेमिरा सुटला असं म्हण.'

त्याचं उत्तर आलंय: "नाही सुटला. सही जुळत नाही म्हणतात. उद्या परत बोलावलंय."