मदत हवी आहे : दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा का?

नमस्कार. माझे वय २३ असून मी बी.कॉम. झालो आहे. मला लहानपणापासून कमी ऐकू येते. अलीकडच्या ऑडिओग्रामनुसार दोन्ही कानांतील घट ६० डेसिबलच्या किंचित पुढे आहे. श्रवणयंत्र लावल्यावर समोरासमोरचे बोलणे समजते, परंतु मुलाखतीत तिघे एकदम बोलू लागले की माझी पंचाईत होते.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झाल्यास सरकारी नोकरीतील ४ टक्के आरक्षणाचा लाभ घेता येतो, म्हणून प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) यांसाठी अर्ज करण्याचा विचार आहे. आईला मात्र वाटते की, एकदा हा शिक्का बसला की स्थळे येणार नाहीत. (कानामागचे यंत्र पाहुण्यांना दिसत नसावे, अशी बहुधा तिची समजूत आहे.)

माझ्याप्रमाणे काठावर असणाऱ्यांना जिल्हा रुग्णालयातील तपासणीत किती टक्के मिळाले आणि बेरा चाचणीही (आवाजाला श्रवणमज्जातंतू व मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणारी तपासणी) करावी लागली का? तसेच, कार्ड असूनही खासगी नोकरीच्या अर्जात त्याचा उल्लेख न केल्यास पुढे अडचण येते का? शिक्षण संपता संपता असा अर्ज केलेल्यांनी, किंवा विचारपूर्वक टाळलेल्यांनी, आपला अनुभव कृपया कळवावा.