मदत हवी आहे: ट्रॅक्टर गरम झाल्यावर चालू होत नाही, रोटरी डिझेल पंप

तीन सिलिंडरचा जुना ट्रॅक्टर, रोटरी पंप, मेकॅनिकल गव्हर्नर. सकाळी थंड इंजिन अर्ध्या सेल्फवर चालू होतं. तासभर रोटाव्हेटर ओढून बंद केलं की पुन्हा घेत नाही. पंपावर ओलं फडकं ठेवून गार पाणी सोडलं की लगेच चालू. चालू असताना ताकद ठीक, धूर साधा.

गरम असताना सेल्फ मारत नोझलच्या पाइपचे नट सैल करून पाहिले: तिन्हीकडे डिझेल नुसतं पाझरतं. दोन्ही फिल्टर नवे, फीड पंपाचा डायफ्राम नवा, बँजो बोल्टचे वॉशर बदललेत. हवा काढून झाली. पारदर्शक नळी लावली, बुडबुडे नाहीत. नोझल लॅबमध्ये तपासलेत. बॅटरी आणि सेल्फचा वेग चांगला. स्टॉप केबल पूर्ण परत येते. टायमिंगची खूण जागेवर, तिला हात लावलेला नाही.

म्हणजे गरम, पातळ झालेलं डिझेल पंपात आतच गळतंय. लॅबवाले थेट हेड-रोटरचा (पंपात डिझेल दाबून प्रत्येक नोझलला वाटणाऱ्या भागाचा) नवा जोड सांगतात, आणि खर्च तिथेच आहे. पण ट्रान्सफर पंपाची (हेड-रोटरला डिझेल पुरवणाऱ्या आतल्या छोट्या पंपाची) ब्लेड व लायनर झिजले किंवा त्याचं प्रेशर सांभाळणारा रेग्युलेटिंग व्हॉल्व्ह अडकला तरी सेल्फच्या वेगाला प्रेशर कमीच पडणार. कॅलिब्रेशन दोन्हीकडे करावं लागेलच, त्याची हरकत नाही.

पंप न उतरवता, गरम असताना ट्रान्सफर प्रेशरला गेज लावून हा फरक ओळखता येतो का? गेज कोणत्या प्लगवर लावायचा आणि सेल्फवर किमान किती प्रेशर दिसलं तर दोष हेड-रोटरचाच धरायचा?